गाजर गवत, गोळी आणि हिशेबाची वही



मागील दोन अंकांत ठेवींवरील वारसनोंद आणि संयुक्त खात्यांतील अडचणी यांविषयी लिहिले. त्यावर जी पत्रे आली, त्यांपैकी बऱ्याच पत्रांच्या शेवटी एक ओळ माझ्या प्रकृतीच्या चौकशीची होती. गेल्या चातुर्मासात शुक्रवार पेठेतील मंदिरात ज्यांनी मला पाहिले, त्यांना माझी काळवंडलेली मान आणि सुजून गोल झालेला चेहरा आठवत असेल. विचारणाऱ्या प्रत्येकाला मी "थोडी ॲलर्जी आहे" एवढे सांगून वेळ मारून नेत असे. हृदयाची शस्त्रक्रिया झाली तर माणूस ती चारचौघांत सविस्तर सांगतो. त्वचेचा विकार मात्र चोरीच्या मालासारखा लपवतो. मीही तेच केले. आता पाऊस तोंडावर आला आहे आणि माझ्या आजाराचे मूळ पावसाबरोबरच उगवते, म्हणून या वेळी बँकेचा विषय बाजूला ठेवतो. वैद्यकशास्त्रात मला गती नाही. एम. कॉम. आणि चौतीस वर्षांची बँकेची नोकरी एवढीच माझी शिदोरी. तेव्हा हा औषधोपचाराचा सल्ला समजू नये; एका रुग्णाची हिशेबवही म्हणून वाचावे.

निवृत्तीनंतर कळंबा भागात आम्ही दीड गुंठ्याचा एक प्लॉट घेतला. बांधकाम अजून व्हायचे आहे. दर रविवारी सकाळी तिथे जायचे, कुंपणाच्या तारा पाहायच्या, शेजारच्या मोकळ्या जागेतून एक फेरी मारून यायचे, हा माझा नेम. दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात मानेवर प्रथम खाज सुटली. मग पापण्या, कानांच्या मागची जागा, कोपरांच्या आतल्या घड्या आणि शर्टाच्या उघड्या गळ्यातून दिसणारा छातीचा त्रिकोण. झाकलेली पाठ अगदी स्वच्छ. ही गोष्ट महत्त्वाची होती, हे मला वर्षाने कळले.

ते वर्ष मी औषधांच्या दुकानातून आणलेल्या एका मलमावर काढले. चिठ्ठी नव्हती. "खाजेसाठी काहीतरी द्या" म्हटले आणि मिळाले. लावले की तीन दिवसांत त्वचा निवळायची, थांबवले की आठव्या दिवशी दुप्पट जोराने उसळायची. त्या मलमात एक तीव्र स्टेरॉइड, एक बुरशीनाशक आणि एक प्रतिजैविक अशी तिहेरी भेसळ होती. भेसळ हा शब्द माझा. वेष्टनावर अर्थातच वेगळा शब्द होता. अशा मलमांचा आपल्या देशात इतका स्वैर वापर झाला, की त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्याविरुद्ध अनेक वर्षे आवाज उठवला. शेवटी २०१८ साली केंद्र सरकारने अधिसूचना काढून स्टेरॉइडयुक्त मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत घातली. नियम झाला; काउंटरवर तो किती पाळला जातो, हे वाचकांनी आपापल्या गल्लीत पाहावे. विकणाऱ्याएवढाच दोष मागणाऱ्याचा, म्हणजे माझा. ज्याने आयुष्यभर कागदपत्रांशिवाय कुणाला एक रुपया कर्ज दिले नाही, त्याने चिठ्ठीशिवाय वर्षभर मलम विकत घेतले.

मागील ज्येष्ठात चेहरा इतका सुजला की डोळे उघडेनात. तेव्हा कुठे त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टर तरुण होत्या, आमच्या धाकट्या मुलाच्या वयाच्या. त्यांनी आधी त्वचा पाहिली, मग पाठ पाहिली, आणि औषधाचे नाव काढण्याआधी विचारले, "काका, तुम्ही फिरता कुठे?" मी रंकाळ्याचे सांगितले. मग प्लॉटचे सांगितले. "तिथे गाजर गवत आहे?" मी हसलो. कोल्हापुरात मोकळी जागा आहे आणि तिथे गाजर गवत नाही, असे कुठे असते?

हे गवत, शास्त्रीय भाषेत पार्थेनियम हिस्टेरोफोरस, मूळचे अमेरिका खंडातले. कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणतात. आपल्या देशात त्याच्या फैलावाची नोंद १९५० च्या दशकात झाली ती पुण्यात, आणि १९७० च्या दशकात त्यापासून होणाऱ्या त्वचादाहाची वर्णने वैद्यकीय नियतकालिकांत आली तीही पुण्याहूनच. म्हणजे या दुखण्याला महाराष्ट्राचे माहेरपण आहे. त्याची पाने गाजराच्या पानांसारखी, फुले पांढरी, बारीक. एकेक झाड हजारो बिया टाकते. त्यातील पार्थेनिन नावाचे द्रव्य काहींच्या त्वचेला सोसत नाही. झाडाला हात लावायलाच हवा असे नाही. वाळलेल्या झाडाचे सूक्ष्म कण वाऱ्याबरोबर येतात आणि उघड्या त्वचेवर बसतात. म्हणून मान, पापण्या आणि हात बिघडतात, पाठ स्वच्छ राहते. उघड्यावर वावरणारे, शेतावर राबणारे, उतारवयाकडे झुकलेले पुरुष यांत हा विकार अधिक दिसतो. माझे शेत नाही. दीड गुंठा आहे. पण गवताला सातबारा पाहण्याची सवय नसते.

प्रेडनिसोलोनच्या गोळ्या सुरू झाल्या. रोज सकाळी न्याहारीनंतर ४० मिलिग्रॅम. तिसऱ्या दिवशी खाज थांबली आणि वर्षभरात प्रथमच मी सलग सहा तास झोपलो. ही जादू जगाने प्रथम पाहिली ती सप्टेंबर १९४८ मध्ये, अमेरिकेतील रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये. संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका २९ वर्षांच्या स्त्रीला डॉ. फिलिप हेंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्टिसोनची इंजेक्शने दिली आणि काही दिवसांतच ती चालू लागली. दोन वर्षांनी, १९५० साली, हेंच, एडवर्ड केंडल आणि टाडेउश राइखश्टाइन या तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु औषध थांबवले की दुखणे परततेच, आणि अधिक दिले तर चेहरा चंद्रासारखा गोल होतो, हेही त्यांना फार लवकर दिसून आले होते.

येथे आपल्या वाचकांना पडेल तो प्रश्न मलाही पडला. ही गोळी बनते कशापासून? वाचून समजले ते असे. १९४०-५० च्या काळातील कॉर्टिसोन बैलांच्या पित्तापासून, तीसहून अधिक रासायनिक पायऱ्या ओलांडून तयार करीत. पुढे मेक्सिकोतील रानटी कंदाने त्याची जागा घेतली, आणि आता सोयाबीनसारख्या वनस्पतींतील द्रव्यांपासून अशी औषधे बनतात. कंदमूळ वर्ज्य करणाऱ्या आपल्या घरांत एका कंदाने इतक्या लोकांचे सांधे चालते केले, हे वाचताना मला थोडे हसू आले. प्रेडनिसोलोनची साधी गोळी असते, जिलेटिनच्या वेष्टनाचा प्रश्न तिथे येत नाही. तो येतो हाडांसाठी सोबत दिल्या जाणाऱ्या डी जीवनसत्त्वाच्या मऊ कॅप्सूलमध्ये. ते जीवनसत्त्व पुडीतील भुकटीच्या रूपातही मिळते. डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगितले की त्या बदलून देतात. न सांगता कॅप्सूल डब्यात टाकून देणारे दोन गृहस्थ मला ठाऊक आहेत. तसे करू नये.

दोन आठवड्यांनी गोळी उतरू लागली. ४० वरून ३०, मग २०, मग १५. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावले होते, "काका, ही गोळी सुरू करणे सोपे, बंद करणे अवघड. तुम्ही तुमच्या मनाने एक दिवसही चुकवायची नाही." कारणही सांगितले होते, पण ते मला नीट उमगले ते पुढे, आपटी खाल्ल्यावर.

मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक बनवतात. सकाळच्या सुमारास सर्वांत जास्त, रात्री अगदी कमी. रक्तदाब टिकवणे, आजारात व श्रमात शरीराला तोलून धरणे, हे त्याचे काम. किती बनवायचे याचा आदेश मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून येतो. मला हे मुख्य कार्यालय आणि शाखा यांच्यासारखे वाटले. शाखेला बाहेरून रोज भरपूर रोकड मिळू लागली की मुख्य कार्यालय म्हणते, आता तुम्ही ठेवी गोळा करण्याचे कारण नाही. आदेश थांबतात. शाखेचे शटर अर्धे खाली येते, कर्मचारी पांगतात, टेबलांवर धूळ बसते. अशा वेळी बाहेरची रोकड एका दिवसात बंद केली तर? तिजोरी रिकामी, माणसे नाहीत, आणि दारात ग्राहकांची रांग. म्हणून रोकड थोडी थोडी कमी करीत जायचे, म्हणजे शाखा हळूहळू जागी होते. शरीर रोज स्वतः जेवढे बनवते, ते प्रेडनिसोलोनच्या साधारण ५ मिलिग्रॅमच्या आसपास भरते. त्यामुळे ४० वरून २० वर येणे भराभर जमते; शेवटच्या दहा मिलिग्रॅमला महिने लागतात.

१५ वर आलो आणि मानेवर पुन्हा लाल चट्टे उठले. इथून माझी खरी परीक्षा सुरू झाली. पुरळ दिसले की मन एकच निष्कर्ष काढते: गोळी कमी केली म्हणून हे झाले. मग दोन मोह होतात. पहिला, गुपचूप पूर्वीच्या मात्रेवर जाण्याचा. दुसरा, "या औषधानेच वाटोळे केले" म्हणून सगळे फेकून देण्याचा. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर काळ्या बुरशीचे रुग्ण घराघरांत चर्चेचा विषय झाले, तेव्हापासून स्टेरॉइड या शब्दाची धास्ती बसली आहे. फेकून देण्याच्या मोहाला त्यामुळे बळ येते. मी दोन्ही मोहांना बळी पडलो, एकामागून एक.

आधी मलम. टेबलाच्या खणात मागच्या वर्षीची अर्धी ट्यूब होती. रात्री सौ. झोपल्यावर ती मानेला चोळू लागलो. डॉक्टरांनी दिलेले सौम्य मलम आणि साधा मॉइश्चरायझर शेल्फवर दिसत राहायचे, काम चालायचे खणातले. तीन आठवड्यांनी मानेची त्वचा पापुद्र्यासारखी पातळ झाली, खाली बारीक तांबड्या शिरा दिसू लागल्या, आणि एक रात्र लावले नाही तर आग आग व्हायची. ही आग गवताची नव्हती, ती मलमाची सवय तुटल्याची होती. सौ.ना ट्यूब सापडली. त्या काहीच बोलल्या नाहीत. फक्त ती ट्यूब उचलून न्याहारीच्या ताटाशेजारी ठेवली. मी ती डॉक्टरांना नेऊन दिली.

शेजारपाजारचे सल्ले याच काळातले. कडुनिंबाचे पाणी, कोरफड, हळद, एका स्नेह्यांनी दिलेली बिननावाची "शुद्ध हर्बल" पुडी. डॉक्टरांनी ती पुडी हातात घेऊन म्हटले, "काका, एका दिवसात खाज थांबवणारी निनावी पुडी असेल, तर तिच्यात बहुधा हीच गोळी वाटून घातलेली असते." मी ती घेतली नव्हती, हे माझ्या खात्यावरचे एकमेव जमा. कडुनिंबादी गोष्टींबद्दल त्यांचे म्हणणे वेगळे होते. त्या वाईट आहेत असे नाही, पण गोळी उतरत असताना त्वचेवर नवीन काहीही लावले की पुढचे पुरळ कशाचे, हे ओळखता येत नाही.

आता दुसरा मोह. भाद्रपद शुद्ध पंचमीला दशलक्षण पर्व सुरू झाले. त्या वेळी मी ७.५ मिलिग्रॅमवर होतो. दरवर्षी मी दहा दिवस एकाशन आणि अनंत चतुर्दशीला उपवास करतो; तीस वर्षांत खंड नाही. एकाशनाचे जेवण दुपारी, गोळी सकाळी न्याहारीनंतर. मी मनाशी ठरवले, आता मात्रा किती थोडी राहिली आहे. दहा दिवस औषधाचाही त्याग करू. पुरळ वाढले तर सोसू. सोसणे हेही तपच. कुणाला विचारले नाही, डॉक्टरांना नाही, महाराजांना नाही, सौ.नाही नाही. सकाळी गोळी तळहातावर घ्यायची आणि खिशात टाकायची.

दुसऱ्या दिवशी अंग मोडून आले. तिसऱ्या दिवशी जेवणावरची वासना गेली. मला वाटले, तप फळते आहे. चौथ्या दिवशी पूजेला उभा असताना मांड्यांतले त्राण गेले, मळमळ झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खांबाला धरून खाली बसलो. शेजारच्या मुलांनी उचलून रिक्षात घातले. रुग्णालयात रक्तदाब फार खाली गेलेला, रक्तातील सोडियम उतरलेले. सलाइन लागले, हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन दिले. काही तासांत मी उठून बसलो आणि खिशातल्या चार गोळ्या सौ.च्या हाती लागल्या.

"अहो, सोळा भावनांत शक्तितस्तप आहे, असे दरवर्षी मुलांना तुम्हीच सांगता ना?" त्या म्हणाल्या. "त्यातला शक्ती हा शब्द तुमच्यासाठी नव्हता का?"

मला उत्तर नव्हते. पुण्याहून मुलगा रात्रीच आला. तो एवढेच म्हणाला, "आप्पा, एक फोन करायचा होता." पुढे प्रकृती सावरल्यावर महाराजांच्या दर्शनाला गेलो तेव्हा सगळे सांगितले. त्यांनी विचारले, व्रत घेताना आजार का सांगितला नाही? रुग्णाचे व्रत त्याचा आजार पाहून देता आले असते. मी रुग्ण आहे हेच मला मान्य नव्हते, ते कुणाला सांगणार?

शाखेचे शटर आणि रिकामी तिजोरी ही उपमा मला रुग्णालयातील त्या खाटेवर सुचली. पुन्हा १० मिलिग्रॅमपासून सुरुवात झाली. सोबत ॲझाथायोप्रिन नावाची दुसरी गोळी आली. तिचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, तिच्यासाठी रक्ततपासणी नियमित करावी लागते. पण तिच्या आधाराने स्टेरॉइड उतरवणे सोपे जाते. आणि डॉक्टरांनी मला एक काम दिले. "तुम्ही बँकेत होता ना? मग एक वही घाला. रोजची मात्रा, पुरळ कुठे, खाज दहापैकी किती, आणि त्या दिवशी कुठे गेला होता. पुरळ आले की आधी लिहायचे, मग काय ते करायचे."

निळ्या कव्हरची वही आणली, पाच रकाने आखले. अकरा आठवडे एकही दिवस न चुकवता लिहिले. मार्गशीर्षात एका संध्याकाळी, ताळेबंद जुळवावा तसे सगळे रकाने समोर घेऊन बसलो. त्या काळात पुरळ ठळकपणे उसळले होते सात वेळा. मात्रा कमी केल्यानंतरच्या आठवड्यात त्यांपैकी फक्त एकदा. पाच वेळा ते सोमवारी रात्री किंवा मंगळवारी उठले होते, आणि त्या पाचही आठवड्यांत रविवारच्या रकान्यात एकच शब्द होता: प्लॉट. गवत घातक आहे हे पहिल्याच दिवशी कळले होते; पण "लांबूनच पाहून येतो" अशी सवलत मी स्वतःला दिलेली होती. ही ॲलर्जी संपर्कानंतर लगेच दिसत नाही, एक ते तीन दिवसांनी दिसते. त्यामुळे रविवारी मी ठीक असायचो, मंगळवारी बिघडायचो, आणि आरोप गोळीवर जायचा. उरलेली सातवी नोंद दिवाळीतली. निर्वाण लाडूच्या आदल्या दिवशी मंदिराच्या सजावटीसाठी शेवंतीच्या माळा ओवल्या होत्या. शेवंती गाजर गवताच्याच कुळातली. ज्यांना एक सोसत नाही, त्यांतल्या काहींना दुसरीही सोसत नाही.

ही वही पाहून डॉक्टर प्रथमच मोकळेपणी हसल्या. माघात मात्रा ५ वर आल्यावर त्यांनी पाठीवर पट्ट्या लावून ॲलर्जीची चाचणी केली. स्टेरॉइडची मात्रा मोठी असताना ती चाचणी फसवी ठरू शकते, म्हणून इतके थांबल्या होत्या. दोन दिवसांनी आणि पुन्हा चार दिवसांनी पाठ पाहिली. पार्थेनियमच्या जागी लाल फुगीर चट्टा, शेवंतीच्या जागी फिकट.

पुरळ आले की ते कशाचे, याची उत्तरे किती असू शकतात, हे मी तेव्हा विचारून घेतले. मूळ आजार डोके वर काढत असेल. संपर्क चालूच असेल. मलमाची सवय तुटत असेल. स्टेरॉइडमुळे छाती-पाठीवर मुरमांसारखे बारीक फोड येतात. गजकर्णावर स्टेरॉइड लागले तर त्याचे रूप बदलून ते आतल्या आत पसरते आणि इसब म्हणून खपून जाते. प्रतिकारशक्ती दबलेली असताना नागीण उठू शकते. सोरायसिस असलेल्या माणसाची तोंडाने घ्यायची स्टेरॉइड एकदम थांबली तर पुवाचे फोड उठण्याचा धोका असतो. यांतल्या कोणत्याही दोहोंचा इलाज एक नाही. तेव्हा एकाच बाजूला वेदनेसह फोडांची रांग, पू, ताप, डोळ्यांभोवती सूज किंवा तोंडात व्रण दिसले, तर वहीत लिहीत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचे. ताप, उलट्या, शस्त्रक्रिया, अपघात अशा प्रसंगी शरीराची गरज वाढते. तिथे तर गोळी चुकणे अधिकच धोक्याचे. माझ्या पाकिटात आता आधार कार्डाच्या मागे एक चिठ्ठी असते: "मी स्टेरॉइड घेतो." खाली मात्रा, सुरू केल्याची तारीख आणि डॉक्टरांचा दूरध्वनी.

बाकी दिनचर्या साधी आहे. कोमट पाणी, साबण थोडा, अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. नखे आखूड. बाहेर पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, गळ्याचे बटण लावलेले, भर उन्हाळ्यातही. आल्यावर आधी स्नान, मग चहा. कपडे गच्चीवर न वाळवता आतल्या व्हरांड्यात. खाज असह्य झाली की थंड पाण्यात भिजवून पिळलेले फडके मानेवर ठेवतो आणि णमोकार म्हणत पडून राहतो. साधारण एका माळेत खाज ओसरते, असा वहीचा दाखला आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण असल्याने सकाळपर्यंतचे अंतर मोठे पडते, म्हणून गोळी सूर्योदयानंतरच्या पहिल्या न्याहारीबरोबर, साडेसातला. साखर आणि रक्तदाब दर महिन्याला तपासतो. चेहऱ्याची गोलाई बरीच उतरली आहे. जुने फोटो पाहून नातू आता मला ओळखतो.

राहिले गवत. ते उपटण्यात हिंसा नाही, असे मी म्हणणार नाही. सौ.शी यावर दोन-तीनदा वाद झाला. तोडगा निघाला तो कृषी खात्यात काम केलेल्या एका स्नेह्यांकडून. पावसाळ्यात आपण ज्याची भाजी करतो तो टाकळा दाट उगवला की गाजर गवताला जागाच उरत नाही. १९८४ मध्ये बंगळुरूला या गवतावर जगणारे मेक्सिकन भुंगेरेही तपासणी करून सोडले होते. पण माझ्या दीड गुंठ्यासाठी टाकळाच पुरे. गेल्या मार्गशीर्षात तयार शेंगांतून काढलेले बी पिशवीत भरून ठेवले आहे. फुलोऱ्यापूर्वी उरलेली झाडे काढायला जो माणूस येईल, त्याच्यासाठी हातमोजे आणि मुखपट्टी घेतली आहे. माझ्या त्वचेचे दुखणे त्याच्या त्वचेवर ढकलायचे नाही. प्लॉटवर आता रविवारी मुलाचा मित्र जातो आणि मला फोनवर छायाचित्रे पाठवतो.

आज मी २.५ मिलिग्रॅमवर आहे. मानेच्या डाव्या बाजूला रुपयाएवढा एक चट्टा अजून आहे; परवा त्याची खाज दहापैकी तीन होती. ज्येष्ठात सकाळी आठला रक्तातील कॉर्टिसॉल मोजतील, शाखा किती जागी झाली ते पाहतील, आणि शेवटची गोळी थांबवायची की नाही ते त्यानंतर ठरेल. दशलक्षण पर्वात या वर्षी काय करायचे, हे विचारण्यासाठी मी महाराजांकडे जाताना डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर नेणार आहे.